संगणकापुढे एकट्याने बसू नका

काही वर्षांपूर्वी एका सभासदाच्या खातेनिहाय चौकशीत आम्ही त्याचे बचाव साहाय्यक म्हणून बसलो होतो. कोणते खाते, कोणते गाव, हे येथे लिहिण्याचे कारण नाही. आरोप असा होता की खिडकी बंद झाल्यानंतरच्या वेळेत त्याने काही नोंदी केल्या. पुरावा एकच, संगणकातून काढलेली सहा पानांची यादी. प्रत्येक नोंदीपुढे तास, मिनिटे आणि सेकंद छापलेले. समोरच्या साहेबांनी ती यादी आमच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "बघा, यंत्र खोटे बोलत नाही."

चौकश्यांत आमचे केस पांढरे झाले आहेत. हजेरीपटातली खाडाखोड आम्ही लांबून ओळखतो. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन ओळींच्या शाईत फरक असेल तर साक्षीदाराला घाम फुटेपर्यंत प्रश्न विचारतो. पण ती सहा पाने आम्ही नुसती उलटली आणि परत दिली. एकही प्रश्न विचारता आला नाही. सभासदाची वेतनवाढ रोखली गेली.

पुढे दोनएक महिन्यांनी स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा विषय निघाला. टपाल खात्यातला एक तरुण सहायक शेजारी उभा होता. त्याने सहज विचारले, "काका, ती वेळ कोणत्या घड्याळाची होती? खिडकीवरच्या यंत्राची, की लांबच्या मुख्य संगणकाची? मधली लिंक तुटली असेल तर नोंद खिडकीवर एका वेळी होते आणि तिकडे पोहोचते दुसऱ्याच वेळी. यादी कोणत्या घड्याळावरून काढली, ते विचारलं का?" आम्ही पेला खाली ठेवला. अपिलाची पंचेचाळीस दिवसांची मुदत उलटून गेली होती. उशीर माफ करावा म्हणून अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्या प्रश्नाने सभासद सुटलाच असता असा आमचा दावा नाही. पण तो विचारायला हवा होता, आणि तो विचारणे हे आमचे काम होते.

हे तुला कुठे कळले, असे आम्ही त्या तरुणाला विचारले. तो काही अभियंता नव्हे. त्याच्या गावात संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या हौशी लोकांचे एक मंडळ आहे. महिन्यातून एका रविवारी दहा-पंधरा जण एका खोलीत जमतात, कोणी आपण केलेले काम दाखवतो, कोणी आपले अडलेले सांगतो, चहा होतो आणि लोक घरी जातात. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हा पहिल्यांदा मित्राबरोबर नुसता पाहायला गेला आणि पुढे जातच राहिला. अशा मंडळांना यूजर ग्रुप म्हणतात. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तरी या प्रकाराची चौकशी आम्ही जमेल तेवढी केली, आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले. रेल्वे कामगाराला तर ही गोष्ट घरचीच वाटेल, कारण तिची एक मोठी वाट आगगाडीवरूनच निघते.

अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी आगगाडीच्या प्रतिकृतींचे मंडळ काढले. त्यात दोन तऱ्हेचे सभासद होते. काहींना छोटी इंजिने, डबे, डोंगर, स्टेशने रंगवण्यात गोडी. बाकीचे टेबलाखाली लोळत असत, कारण गाड्या चालवणाऱ्या तारा आणि रिले तिथे होते. या दुसऱ्या गटाचे नाव सिग्नल आणि वीज उपसमिती. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले वापरून त्यांनी सांधे बदलण्याची आणि गाड्यांना वाट देण्याची व्यवस्था उभी केली होती. १९५९च्या सुमारास हीच मुले संस्थेतल्या संगणकाकडे वळली. त्या काळी संगणकाला हात लावण्याची परवानगी नेमलेल्या माणसांनाच असे. बाकीच्यांनी छिद्रे पाडलेली कार्डे खिडकीतून आत द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. हे रात्री-अपरात्री यंत्र मोकळे असताना जाऊन बसू लागले, एकमेकांचे प्रोग्राम वाचू लागले आणि सुधारू लागले. आज जगभर चालणारा 'हॅकर' हा शब्द संगणकाच्या जगात आला तो या मंडळाच्या बोलीतून. मूळ अर्थ चोर नव्हे. यंत्राच्या पोटात शिरून ते आपल्या मनासारखे चालवणारा कारागीर, असा तो होता.

सिग्नल उपसमितीचीच मुले पुढे का गेली, हे आपल्या सिग्नल खात्यातल्या मेंटेनरला समजावून सांगावे लागणार नाही. रूट रिले इंटरलॉकिंगच्या खोलीत तो रोज काय पाहतो? सांधा योग्य बाजूला बसला आहे, आणि तो कुलूपबंद आहे, आणि पुढचा ट्रॅक मोकळा आहे, आणि विरुद्ध दिशेचा सिग्नल लाल आहे, या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या तरच हा रिले उचलला जाईल आणि सिग्नल पडेल. त्यातली एक अट तुटली की रिले सुटेल आणि सिग्नल लाल होईल. प्रोग्राम म्हणजे याहून वेगळे काही नाही. 'असे असेल आणि तसे असेल तर हे कर, नाहीतर ते कर.' फरक इतकाच की तिथे तारा आणि रिले, इथे लिहिलेली वाक्ये. ज्याने वीस वर्षे सर्किटच्या नकाशावर बोट ठेवून बिघाड शोधला त्याला 'संगणक आपल्याला जमणार नाही' असे वाटावे, यात त्याच्या अकलेचा काही दोष नाही. त्याला तसे वाटायला लावले गेले आहे.

तो एका कॉलेजातला प्रकार झाला. चार भिंतींबाहेरच्या माणसांनी नेमाने भरवलेल्या बैठकांत सर्वांत गाजलेली बैठक कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क या गावची. ५ मार्च १९७५च्या संध्याकाळी गॉर्डन फ्रेंच यांच्या घरच्या मोटारखोलीत ३२ माणसे जमली. बोलावणाऱ्यांत दुसरे होते फ्रेड मूर. या मूर यांची ओळख आपल्या वाचकांना मुद्दाम करून द्यायला हवी. १९५९ साली बर्कली विद्यापीठात लष्करी शिक्षणाच्या सक्तीविरुद्ध त्यांनी कचेरीच्या पायऱ्यांवर उपोषण केले होते. पुढे लष्करभरतीला नकार दिल्याबद्दल तुरुंगवास भोगला. संगणक ही मोठ्या कंपन्यांची आणि सरकारची मिरास राहू नये, तो सामान्य माणसाच्या हाती यावा, या विचाराने हा सत्याग्रही माणूस त्या कामात आला होता.

मंडळाचे नाव पडले होमब्रू कॉम्प्युटर क्लब, म्हणजे घरगुती संगणकवाल्यांचे मंडळ. निमित्त होते आल्टेर ८८०० नावाच्या यंत्राचे. जानेवारी १९७५च्या एका मासिकात त्याची माहिती आली होती. चारशे डॉलरच्या आसपास किंमत, सुटे भाग घरी आणून स्वतः जोडायचे. त्याला पडदा नव्हता, टंकफलक नव्हता. पुढच्या बाजूला खटक्यांची रांग आणि बारीक दिवे. मूळ यंत्राची स्मृती २५६ अक्षरे मावतील एवढी. आपल्या पोस्टकार्डावर याहून अधिक मजकूर मावतो. हे डबडे घेऊन करायचे काय, हा खरोखरचा प्रश्न होता.

त्याचे एक उत्तर पुढच्याच काही आठवड्यांतल्या बैठकीत मिळाले. स्टीव्ह डॉम्पियर नावाच्या सभासदाने आपले यंत्र आणले आणि शेजारी एक साधा रेडिओ ठेवला. एकेक खटका वर-खाली करून त्याने प्रोग्राम भरला, आणि रेडिओतून गाण्याची चाल ऐकू येऊ लागली. संगणकाला कर्णा जोडलेला नव्हता. चालू यंत्रातून जी विजेची खरखर बाहेर पडते ती रेडिओ पकडतो. कोणती आज्ञा किती वेळ फिरवली म्हणजे खरखरीचा कोणता सूर निघतो, हे त्याने घरी बसून शोधून काढले होते. विजेच्या इंजिनाजवळ ट्रान्झिस्टर धरला की जी घरघर ऐकू येते तिच्यातून गाणे काढण्यासारखाच हा प्रकार. उपयोग शून्य. पण ते ऐकून लोक उभे राहिले, आणि जाताना प्रत्येक जण आपल्या यंत्राकडून काय करवून घेता येईल याचा विचार करत गेला.

आम्हाला सर्वांत घेण्यासारखी वाटली ती बैठकीची पद्धत. गॅरेज लवकरच अपुरे पडले. पुढे स्टॅनफर्डच्या संशोधन केंद्राच्या मोठ्या सभागृहात दर पंधरा दिवसांनी बैठक भरू लागली आणि शेकडो लोक येऊ लागले. सूत्रे ली फेल्सेन्स्टाइन या अभियंत्याकडे. त्यांनी बैठकीचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात कोणीही उठावे आणि थोडक्यात सांगावे की माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवे आहे, माझे इथे अडले आहे. त्यावर लांबलचक चर्चा नाही. कोण कशात आहे एवढे सर्वांना कळले म्हणजे झाले. दुसऱ्या भागात खुर्च्या सोडायच्या आणि ज्याच्याशी काम आहे त्याला जाऊन गाठायचे. अध्यक्षीय भाषण नाही, हारतुरे नाहीत. आता आपली शाखेची सभा डोळ्यांपुढे आणा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, तीन भाषणे, आणि 'कोणाला काही विचारायचे असल्यास' ही वेळ येते तेव्हा निम्मे लोक गाडी गाठायला निघालेले असतात. यात आमचीही भाषणे आली, हे कबूल करतो.

याच मंडळात ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत नोकरी करणारे स्टीव्ह वॉझ्नियाक येत. आपण तयार केलेल्या संगणकाचे नकाशे ते बैठकीत मोफत वाटत. त्याच यंत्रापासून १९७६ साली ॲपल कंपनी निघाली. ही गोष्ट सगळीकडे कौतुकाने सांगितली जाते. आम्ही तिची दुसरी बाजूही सांगणार. सभासदांच्या कंपन्या निघू लागल्या तशी तोंडे मिटू लागली. कालपर्यंत उठून सांगणारा माणूस आज 'ते गुप्त आहे' म्हणू लागला. फ्रेड मूर तर फार आधीच, काही महिन्यांतच, मंडळापासून दूर झाले होते. डिसेंबर १९८६ मध्ये मंडळाची शेवटची बैठक झाली.

आणखी एक वाद इथे नोंदवला पाहिजे. आल्टेरसाठी बेसिक या भाषेचा प्रोग्राम बिल गेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला होता. त्याची छिद्रांची कागदी फीत एका प्रात्यक्षिकाच्या ठिकाणाहून कोणीतरी उचलली आणि मंडळात तिच्या प्रती फुकट वाटल्या गेल्या. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघडे पत्र लिहिले की तुमच्यातले बहुतेक जण चोरी करता, मग चांगले काम फुकट कोण करील? हे पत्र मंडळाच्या वार्तापत्रातही छापले गेले. आमचे मत विचाराल तर गेट्स यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असे आम्हाला म्हणवत नाही. श्रमाचा मोबदला मागण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांनी दुसऱ्याच्या श्रमावर पाणी सोडावे हे बरे नव्हे. पण त्याच काळात त्याच परिसरातल्या लोकांनी दुसरा मार्गही काढला. 'टायनी बेसिक' नावाची लहान आवृत्ती आपसांत मिळून लिहिली आणि तिची ओळन् ओळ मासिकातून छापली, कोणीही उतरवून घ्यावी म्हणून. आज ज्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात त्या रस्त्यावरचा हा एक सुरुवातीचा टप्पा. हा दुसरा मार्ग संघटित कामगाराच्या स्वभावाला अधिक मानवणारा आहे.

आता आपल्याकडे वळू. संगणकाबाबत आपल्या चळवळीचा इतिहास लढ्याचा आहे आणि त्याची आम्हाला लाज नाही. नोकऱ्या जातील ही भीती खोटी नव्हती. पुठ्ठ्याच्या तिकिटांचे कपाट आणि तारीख ठोकण्याचे यंत्र ज्यांनी हाताळले त्यांना त्या खिडकीमागे किती माणसे होती ते आठवत असेल. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांनी यंत्रांबाबत लेखी करार करून घेतला तो याच भीतीपोटी, आणि ते योग्यच झाले. रेल्वेत १९८५-८६ मध्ये दिल्लीला आरक्षण संगणकावर गेले, १९८६ मध्ये क्रिस ही संस्था स्थापन झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही आरक्षण केंद्रे एकमेकांना जोडली गेली. तार सेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली आणि टपालात बचत खाती, मनिऑर्डर, रजिस्टर पत्रे सगळे पडद्यावर आले. या साऱ्या काळात आपण पदे किती, भत्ता किती, डोळ्यांची तपासणी कधी, एवढेच विचारत राहिलो. हे प्रश्न रास्तच होते. पण यंत्राच्या आत काय चालते हा प्रश्न आपल्या मागणीपत्रात कधी आला नाही.

कामगाराला ते जमत नाही असे नाही, याची दोन उदाहरणे देशातच आहेत. केरळच्या वीज मंडळात ग्राहकांच्या बिलांसाठी 'ओरुमा' नावाचा प्रोग्राम चालतो. मल्याळममध्ये ओरुमा म्हणजे एकी. तो बाहेरच्या कंपनीकडून विकत न घेता मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या आधाराने घरच्या घरी लिहिला. दुसरे उदाहरण टपाल बंधूंचे. म्हैसूरला टपाल खात्याचे तंत्रज्ञान केंद्र आहे. २०२५ मध्ये देशभरच्या टपाल कार्यालयांत जी नवी प्रणाली बसवली ती याच केंद्रात, खात्याच्या आतच तयार झाली. तिच्यात कुरकुर करण्यासारखे काही असेल तर ते खिडकीवरचा सहायकच सांगू शकेल. पण सांगायचे तर 'चालत नाही' एवढे म्हणून भागत नाही. कुठे, केव्हा, कोणत्या पायरीवर अडते, हे नेमके सांगावे लागते. ते सांगता येण्यासाठी शेजारी बसून कोणीतरी दाखवलेले असावे लागते.

खात्याचे प्रशिक्षण असते, मग हे कशाला, असे काही जण म्हणतील. प्रशिक्षणात कोणते बटण दाबायचे ते शिकवतात. दोन दिवसांत वही भरते, आणि तिसऱ्या दिवशी खिडकीवर पडद्यावर वेगळेच काही येते. तिथे विचारायला कोणी नसते. रांगेतली माणसे ओरडत असतात. शिवाय साहेबासमोर 'मला कळले नाही' म्हणायला पन्नाशीचा माणूस लाजतो, आणि विशीतल्या पोरासमोर तर त्याहून लाजतो. आपला मराठी कामगार तर इटारसीपासून सिकंदराबादपर्यंत आणि बडोद्यापासून हुबळीपर्यंत पसरलेला. पुस्तिका इंग्रजीत, सूचना हिंदीत, आणि शंका मनात येते मराठीत. ती मराठीत मोठ्याने विचारता येईल अशी एक जागा महिन्यातून दोन तास हवी.

म्हणून आमची सूचना अशी आहे. प्रत्येक शाखेने महिन्याचा एक दिवस ठरवावा, समजा पहिला शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ. तो दिवस बदलू नये. दोनच माणसे आली तरी बैठक भरावी. नेम मोडला की मंडळ मोडते. युनियनच्या कार्यालयातला संगणक पुरे, एखाद्या सभासदाच्या मुलीचा लॅपटॉप असेल तर आणखी बरे, आणि त्या मुलीलाही बोलवावे. सेवानिवृत्त तारमास्तर आणि सिग्नल मेंटेनर यांना तर हात धरून आणावे. ज्याने आयुष्यभर टिंब आणि रेघ यांवर निरोप पाठवले त्याला शून्य आणि एक यांचे भय का वाटावे? पायथनसारखी भाषा फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. सुरुवातीला एकच काम घ्यावे. महिन्याचा ड्युटी रोस्टर यादीत भरायचा आणि दोन पाळ्यांच्या मध्ये विश्रांती कुठे कमी पडली ते यंत्राकडून काढून घ्यायचे. वीस-पंचवीस ओळींत हे होते, आणि तो कागद पुढच्या वाटाघाटीत उपयोगी पडतो.

दोन गोष्टी मात्र कडक पाळायच्या. खात्याची कोणतीही नोंद, ग्राहकाचे खाते, प्रवाशाची माहिती या बैठकीत आणायची नाही. सरावासाठी खोटी नावे आणि खोटे आकडे घ्यावेत. आपला रोस्टर आपल्या हाताने वहीत उतरवून आणावा. आणि पासवर्ड कोणी कोणाला सांगायचा नाही, बैठकीत नाही आणि कार्यालयातही नाही. माणसे कमी आहेत म्हणून 'माझ्या नावावर तू काम कर' असे चालते, आम्हाला माहीत आहे. पुढे पैशाचा घोटाळा निघाला तर यादीत नाव ज्याचे असेल त्याच्यावर आरोपपत्र येते, आणि त्या वेळी घड्याळाचा प्रश्नही कामाला येत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी शाखेच्या सभेत एक छोटा ठराव करून घ्यावा, की या बैठकीत जे लिहिले जाईल ते सर्व शाखांना मोफत मिळेल आणि त्यावर कोणा एकाचा हक्क राहणार नाही. मेन्लो पार्कच्या लोकांनी हे आधी ठरवले नव्हते. लिहिणाऱ्याचे नाव मात्र वर घालावे.

ज्या शाखा पहिली बैठक घेतील त्यांनी किती जण आले, कोणाचे कुठे अडले आणि ते सुटले की नाही, एवढे तीन मुद्दे आमच्याकडे लिहून पाठवावेत. पोस्टकार्ड चालेल. न सुटलेले प्रश्न पुढच्या अंकापासून याच पानावर छापू, म्हणजे इटारसीचे अडलेले कदाचित हुबळीत कोणाला येत असेल. पहिला प्रश्न आमचाच धरा. चौकशीत संगणकाची यादी पुढे आली तर तिच्यावर कोणते प्रश्न विचारावेत? घड्याळाचा एक आमच्याकडे आहे. बाकीचे हवे आहेत.